वास हाये का?

३ नोव्हेंबर
मुधोळहून आदिलाबादला आलो, मी आणि लेक मैत्री. क्वार्टर रुळांच्या खालच्या अंगाला आहे, पण दारात सीताफळ आहे! सात वर्षांच्या बाईसाहेबांनी लगेच फांदी राखून ठेवली.

रेल्वेच्या साइडिंगवर, जिथे मालाच्या वॅगन उभ्या करतात, नोंदी ठेवायचं काम मिळालंय. टाकीच्या वॅगनमधून वितळलेला गंधक येतो, तापल्या पाकासारखा लालसर. गोठू नये म्हणून वाफेवर ठेवतात. इथून खताच्या, तेजाबाच्या, साखरेच्या कारखान्यांना जातो.

५ नोव्हेंबर
सडक्या अंड्यांचा वास. मैत्री नाक धरूनच शाळेला गेली. मुकादम देवाजी हसले, म्हणाले, आठ दिसांत नाक मरून जाते, बाई, मंग खुशाल जेवा.

इथली एक रीत आवडली. झाकण उघडायला माणूस वॅगनवर चढला की खालचा ओरडतो, वास हाये का? वरून उत्तर येतं, हाये! खेळच जणू. देवाजींनी आता खालून विचारायचं काम मला दिलंय.

११ नोव्हेंबर
मला वास येईनासा झाला. सुटले.

१४ नोव्हेंबर
झाकण उघडायला आज संतोष, देवाजींच्या टोळीतला पोरगा, वर होता. मी विचारलं. नाई, म्हणाला. मला वाटलं, बरंच झालं. वहीत लिहिलं : वास नाही, ठीक. तापमान लिहून मान वर केली, तर तो झाकणाला टेकून बसला होता. झोपल्यासारखा.

१५ नोव्हेंबर
देवाजी रागावले नाहीत. खाली बघत सांगितलं, गंधकातला वायू आधी नाक मारते, मंग माणूस. नाई मनलं का त्याले तवाच खाली बलवा लागते, बाई. जड असते तो, पाण्यावानी उताराले वाहते.

संतोषच्या मृत्यूच्या कागदावर हृदयविकार लिहिलं होतं. मी सही केली. घरी येऊन पोळ्या लाटल्या. रडू आलं नाही.

१८ नोव्हेंबर
माझ्या नाकाचा भरवसा नाही. मैत्रीला रोज विचारते. हाये, आई, शी! म्हणते. तेवढ्यावर झोप लागते. दुसरं क्वार्टर मागितलंय. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

२१ नोव्हेंबर
सहा वॅगन अडकून पडल्यात. झाकणं उघडी. वारा नाही. मैत्रीचे डोळे चुरचुरतात. तरी हाये म्हणाली.

२२ नोव्हेंबर, रविवार
दुपार. डोकं जड. मैत्री खाली चटईवर पडलीय. सीताफळावर आज एकही पाखरू नाही.

विचारलं. नाही म्हणाली. हसून म्हणाली, आज छान आहे, आई.

छान. लिहून ठेवते — वास नाही, ठी

हे मी आधी कुठे —

परत विचारलं. बोलत नाही. झोपली असेल. झोपल्यासारखी —

दार चार पावलांवर. पाय उचलत —

मैत्री, वास हाये का? हाये म्हण. एकदा हा