तेवीस दिवस

४ जून, मंगळवार

माझ्या जन्माच्या वेळी खोलीत कोण कोण हजर होतं? पासपोर्टवाल्यांनी विचारलंय. नाव, पत्ता, नातं. मला उत्तर येत नाही. मी स्वतः हजर होते, पण माझी साक्ष धरत नाहीत!

मेक्सिकोच्या हद्दीवरचा पूल ओलांडून परत यायचं माझं पासपोर्ट-कार्ड तीस तारखेला संपतंय. नव्यासाठी अर्ज केला, तर हे पत्र आलं. जन्म हॉस्पिटलात नाही, सुईणीच्या हातून झाला, म्हणून जास्तीचे पुरावे हवेत. आता सुईण कुठून आणू? दोन्या एलोइसा जाऊन बारा वर्षं झाली.

आईला पत्र दाखवलं. तिनं पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून प्लास्टिकची पिशवी काढली. घरातले सगळे कागद तिथेच. माझ्या पदवीच्या कागदालासुद्धा मैद्याचा वास येतो.

"हा घे दाखला. दोन मे, टेक्सास. शिक्का आहे. अजून काय पाहिजे त्यांना?"

"बाप्तिस्म्याचा दाखला."

"तो हरवला."

"मग तुझ्या गावच्या चर्चमधून नवा आणते. रविवारी मोटारसायकलवर जाते, संध्याकाळी परत."

"एवढ्या उन्हात? जळून कोळसा होशील. राहू दे तो पासपोर्ट. जायचंय कुठे तुला?"

जायचं कुठे! ऑगस्टपासून शाळेत शिकवायचंय. करारावर सही झालीय. नऊ वर्षं दिवसा कांद्याच्या शेडमध्ये उभी राहून शिकले, सव्विसाव्या वर्षी पदवीधर झाले, घरातली पहिली. आज पासपोर्ट नाकारला तर उद्या शाळाही विचारेल — बाई, तुम्ही नक्की कुठल्या?

५ जून

आई तीनदा म्हणाली, रविवारी ऊन फार आहे. आमच्याकडे जूनमध्ये ऊन कधी नसतं?

९ जून, रविवार

क्रमाने लिहिते. नाहीतर लिहिताच येणार नाही.

सकाळी सातला निघाले. पलीकडे जाताना पूल रिकामा. या दिशेला कुणी काही विचारत नाही. पुढे आमच्या उत्तरेकडच्या राज्यांतले सहा पांढऱ्या दाढीचे अमेरिकन, सोफ्यासारख्या मोटारसायकलींवर. चौकात उतरून एकमेकांचे फोटो काढले, टाको खाल्ले. दुपारी परत जाऊन सांगणार, मेक्सिको बघितला! मला हसू आलं. मी त्यांच्यातली नाही, या ऐटीत त्यांना मागे टाकून आईच्या गावाचा रस्ता धरला. चाळीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना काटेरी झाडं, गरम वारा, गतिरोधकांवर आपटून पाठीचे तुकडे. इतकी खुश होते मी!

रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर नाबोरकाकांनी ऑफिस उघडलं. चाळीस वर्षं चर्चची घंटा आणि वह्या तेच सांभाळतात.

"कुणाची गं तू? हेल्मेट काढ आधी. हां! ओफेलियाची पोर! मास्तरीणबाई!"

"काका, बाप्तिस्म्याचा दाखला हवाय. जन्म दोन मे."

"दोन मे कसली? तुझी नऊ एप्रिल."

"नाही हो, दोन मे."

"पोरी, तुझं नाव काय? कासिल्दा. संत कासिल्देचा दिवस कोणता? नऊ एप्रिल. तुझी आजी ऐकते होय! संतांच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या पानावर जे नाव असेल तेच ठेवायचं. एक दिवस आधी जन्मली असतीस तर दियोनिसिया झाली असतीस, वाचलीस!" आणि एकटेच हसले.

वही पुढे सरकवली. निळी शाई. कासिल्दा, मुलगी, *याच गावी* जन्म, नऊ एप्रिल. बाप्तिस्मा एकोणीस एप्रिल. खाली बाबांची सही, डावीकडे कललेली. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. ती सही मी कुठेही ओळखेन.

शाळेत मुली चिडवायच्या, हे म्हातारीचं नाव कुठून आणलंस? आई सांगायची, पणजीचं. पणजीचं नाव रुफिना होतं! सव्वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही.

मग सोलेदादकडे गेले. माझी धर्मआई, आईची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या भिंतीवर ग्वादालुपेच्या मारियामाऊलीशेजारी माझा पदवीच्या झग्यातला फोटो. खाली मेणबत्ती.

मी काही विचारायच्या आधीच तिनं माझ्या हातातला कागद पाहिला. स्टूल पुढे केलं.

"या इथे झालीस तू. याच खोलीत. नाळ मी कापली. आजीनं पाणी तापवलं. तुझा बाप बाहेर कोंबड्यांना शिव्या देत होता, घाबरला होता."

"आणि दोन्या एलोइसा?"

"ती पलीकडे, टेक्सासात. महिनाभरानं तिनं, तू तिकडेच जन्मलीस असा, कागद करून दिला. तेव्हा पुष्कळ जणींनी केलं, बये. वाईट वाटून घेऊ नको."

"गावात कुणाकुणाला माहीतय?"

ती मेणबत्तीची वात नीट करत बसली. म्हणजे सगळ्यांना. गेल्या महिन्यात बसभर येऊन ज्यांनी माझ्या पदवीला टाळ्या वाजवल्या, त्या सगळ्यांना!

९ जून, परत आल्यावर

पुलावर गाड्यांच्या मधून वाट काढत पुढे आले. कागद तपासायच्या खिडकीत, गणवेशात बेतो. आठवीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर होता.

"काय कासी, किती आंबे आणलेस? नागरिक?"

"हो."

"जा."

हा प्रश्न मला हजार वेळा विचारला असेल. आज पहिल्यांदा खोटं बोलले. आवाजात काहीच फरक पडला नाही. त्याचीच भीती वाटली.

१० जून

आईशी बोलले नाही. तिनंही विचारलं नाही, दाखला मिळाला का. म्हणजे कळलंय.

११ जून, मंगळवार

आज कागद तिच्या पोळपाटावर ठेवला. ती टोर्टिया लाटत होती. लाटत राहिली.

"चर्चला का खरं सांगितलंत?" मी विचारलं. हाच प्रश्न तोंडात आला!

"देवाच्या वहीत खोटं कसं लिहायचं?"

"आणि सरकारच्या?"

"सरकारनं तुला जन्म दिला का?" मग लाटणं ठेवलं. "तेवीस दिवस गं, कासी. तेवीस दिवसांचा तर फरक. दुसऱ्या बायकांनी पोर पोटातून आणलं, मी टॉवेलात गुंडाळून आणलं. चालतच आले. नदी तीच."

"मला सांगायचंस."

"कशाला? तू लगेच जाऊन त्यांना सांगितलं असतंस. लहानपणी दुकानदारानं एक गोळी जास्त दिली तर परत करायला गेली होतीस. तुझ्यासारखीला सांगतात का असलं?"

म्हणजे मी खरं बोलते, म्हणून मला सांगायचं नाही! खरं बोलायला मला तिनंच शिकवलं. जास्तीची गोळी परत करायला तिनंच पाठवलं होतं!

भाऊ चुय माझ्यानंतर पाच वर्षांनी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जन्मला, त्याला काही धोका नाही. आईकडे मात्र नुसतं राहण्याचं कार्ड आहे, ते कधीही काढून घेऊ शकतात. मी खरं सांगितलं तर विचारतील, खोट्या दाखल्यावर सही कुणाची? आईची. नाही सांगितलं तर पुढचं प्रत्येक खोटं माझं. काल-परवापर्यंत ते तिचं होतं.

ती म्हणाली, "जेवून घे." मी जेवले. त्याचाही राग आला.

१५ जून, शनिवार

इथल्या चर्चच्या तळघरात माझा वर्ग. नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी. दोन वर्षं शिकवतेय. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते: *अर्जावर एकही खोटं अक्षर लिहायचं नाही.* आज खडू हातात घेऊन उभीच राहिले.

डॉन एवारिस्तो, सत्तरीचे, मोठ्यानं प्रश्न वाचतात. "तुम्ही कधी स्वतःला या देशाचे नागरिक म्हणवलं आहे का?" आणि हसायला लागले. "बाई, हे तुम्हाला कधी कुणी विचारत नाही, बघा! नशीबवान आहात. मी एकेचाळीस वर्षं इथे, एकदासुद्धा म्हणालो नाही. एकदा पुलावर म्हटलं असतं तर सुटलो असतो."

"का नाही म्हणालात?"

"कारण नव्हतो ना," ते म्हणाले. सरळ. चष्मा पुसत.

दहा मिनिटं आधी वर्ग सोडला.

१८ जून

आई शेजारणीला सांगत होती, "ऑगस्टपासून आमची कासी मास्तरीण." खिडकीतून ऐकलं. तिच्या आवाजात जराही लाज नाही, नुसता अभिमान. मला दोन्ही ऐकू यायला हवं होतं.

१९ जून

फॉर्म पुन्हा काढला. जन्माच्या वेळी हजर व्यक्ती: सोलेदाद. आजी. बाबा, कोंबड्यांपाशी. आता उत्तर येतं. पेन उचललं, ठेवलं.

२१ जून, शुक्रवार

मोटारसायकलचं तेल बदललं. साखळी ताणून घेतली. शाळेला आणि डॉन एवारिस्तोंना एकेक पत्र टाकलं. आई म्हणाली, "परत सहल वाटतं?" मी हो म्हटलं. हे मात्र माझं स्वतःचं खोटं.

२३ जून, रविवार

पावणेसहाला पूल ओलांडला. या दिशेला कुणी काही विचारत नाही. आता सोलेदादच्या अंगणात बसून लिहितेय. ती कॉफी ठेवतेय, तीही काही विचारत नाही. फॉर्म पुलावरून नदीत टाकला. परत यायचं कार्ड पिठाच्या डब्यात आहे, पिशवीत नाही, अगदी वरच, मैद्यात अर्धं रुतवून. आई रोज सातला पीठ काढते. आता सव्वासात झालेत.