मंद आचेवरचं मटण

तीर्थरूप बाबा,
तुमच्या आणि आईच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. कॅन्टीनमध्ये आता भांडी घासत नाही, शेगडीपाशी उभा असतो. पहिल्याच दिवशी डुकराचं ताजं मटण मोठ्या आचेवर रटरटा उकळलं. इतकं वातड झालं की चप्पल बरी. आमचा आचारी एवढंच म्हणाला, "घाई कुणाला होती?"

तुमचंही तसंच होतंय, असं तुमच्या पत्रावरून दिसलं. तेव्हा चरबी काढून टाकू नका. तुकडे पुसून कोरडे करा, लालसर परता. मग थोडं गरम पाणी, वर झाकण आणि दीड तास मंद आच. सारखं ढवळू नका. आईला अगदी बारीक करून भरवा.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ती अजून बोललीच नाही ना? तुम्ही वेळेवर जेवता का?

एक करून बघा. तिची खाट स्वयंपाकघराच्या दारापाशी ओढा आणि तिच्या डोळ्यांदेखत आच मोठी करा. चाळीस वर्षं तिने तुम्हाला त्या शेगडीला हात लावू दिला नाही. ती तुमच्यावर ओरडली, तर मटण करपू द्या, आधी मला कळवा.

तुमचा,
धाकटा