डब्यात नसलेली चिठ्ठी

शनि., ३ जाने.

बी.पी. वर. शाळेत गेले नाही. अकरा वर्षांत आजारपणानं बुडालेला हा दुसरा शनिवार, आणि नेमका तोच नडला.

दुपारी हेडसरांचा फोन. आवाज एकदम मऊ. या माणसाचा आवाज मऊ झाला की समजायचं, काहीतरी आपल्या गळ्यात पडणार. म्हणाले, मॅडम, आजच्या सभेत तुमच्यावर तक्रार झाली. कोणी केली, तर नववीतल्या पायलनं. पायलनं म्हणे. जिच्यासाठी मी...

असो. नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

मी नाही म्हणून संडास-सफाईच्या चिठ्ठ्या निकमनं काढल्या. निकम म्हणजे जूनमध्ये आलेला, धुळ्याचा, इतिहास शिकवतो, खादीचा झब्बा घालतो आणि दर दोन वाक्यांनी ‘प्रक्रिया’ म्हणतो. डबा हलवायचा, पाच चिठ्ठ्या काढायच्या, नावं वाचायची, झालं. याला डबा उपडा करून चिठ्ठ्या मोजायला कोणी सांगितलं होतं? मुलांपुढे पारदर्शकता म्हणे. नववीची मुलं एकतीस, चिठ्ठ्या तीस. परत मोजल्या. मग एकेक नाव वाचलं. पायलची चिठ्ठीच नाही, आणि डबा तर कायम माझ्या कपाटात. कोणीतरी बोललं, हिची पाळी दोन वर्षांत एकदाही आली नाही. सगळी शाळा तिच्याकडे बघत बसली.

हो, मी काढली होती. ती आठवीत आली त्याच आठवड्यात. तिची आई मीनाबाई महापालिकेत सफाई कामगार, आजीनं जन्मभर तेच केलं. त्या पोरीच्या हातात शाळेतही ब्रश द्यायचा, आणि तो मी द्यायचा? माझ्यानं होईना. गुपचूप काढली. यात मी कोणाचं काय वाईट केलं?

रवि., ४ जाने.

पाचोऱ्याला अक्काला फोन. म्हटलं, बहीण आहे, दोन शब्द बरे बोलेल. सगळं ऐकून घेतलं आणि विचारते काय, “तू पोरले इचारं व्हतं का?”

असल्या गोष्टी विचारायच्या असतात का, म्हटलं. फोन ठेवून दिला. अक्का चौथी शिकलीय.

सोम., ५ जाने.

व्हरांड्यातल्या फळ्यावर तक्रार. खडूनं, ठसठशीत. “मॅडमनी माझी चिठ्ठी डब्यातून काढून ठेवली. सगळे संडास धुतात. मी का नाही? – पायल मीनाबाई, ९ वी.” आमच्या हजेरीत आडनाव नाही, मुलाचं नाव आणि आईचं नाव. जात कोणी कोणाला विचारायची नाही. पुण्याहून पाहुणे येतात ते याचे फोटो काढून नेतात.

आठवडाभर फळा पुसायचा नाही. ज्याच्यावर तक्रार त्यानं आठ दिवस त्या विषयावर तोंड उघडायचं नाही, तक्रारदाराकडे तर नाहीच. पुढच्या शनिवारी मुलांमध्ये खाली सतरंजीवर बसायचं आणि ‘मान्य’ की ‘अमान्य’ ते सांगायचं. हा नियम कोणी लिहिला? मीच. माझ्याच अक्षरात ऑफिसात फ्रेम करून लावलाय. मागे खेळाच्या सरांनी एकाच्या कानाखाली वाजवली तेव्हा ते बिचारे सतरंजीवर बसले होते. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

नववीवर विज्ञानाचा तास, परावर्तन. पायल पहिल्या बाकावर. वही नेहमीसारखी स्वच्छ. माझं तिच्याकडे बघणं झालं नाही.

मंगळ., ६ जाने.

स्टाफचं भरीत. वांगी हेडसरांच्या मळ्यातली. तिखट जाळ. खाताना निकम बाजूला येऊन बसला. म्हणाला, हेतू चांगलाच असणार मॅडम, पण परिणाम बघावा लागतो. मी म्हटलं, तुम्ही आधी ब्रश धरायला शिका, मग मला परिणाम शिकवा.

तो ब्रश नीट धरतो. मी पाहिलंय. भांड्याच्या आतल्या कडा घासतो, नाक न दाबता. त्यानं तर अजून डोकं उठतं.

बुध., ७ जाने.

नियम मोडला. शाळा सुटल्यावर मीनाबाईकडे गेले. सफाई कामगारांच्या चाळी, तिसरी खोली. तिनं खुर्ची पदरानं पुसली. चहा केला. मी प्यायले. पूर्ण प्यायले.

तिला सांगितलं सगळं, चिठ्ठीचं, तक्रारीचं. तिनं हातच जोडले. “मॅडम, तुम्ही चांगलंच केलं. मना जलम त्यातच गया. पोरगी येडी शे, मी सांगते तिला.” मी आतून अशी काही सुखावले. म्हटलं, बघा, जिला कळायचं तिला कळतंय.

वळून बघते तर पायल दारात. पाठीला दप्तर. कधीपासून उभी होती कोण जाणे. आईनं तिला रागावून माफी मागायला सांगितलं. तिनं मागितली नाही, आणि मीही मागू नको असं म्हटलं नाही.

गुरु., ८ जाने.

पायल गैरहजर.

शुक्र., ९ जाने.

गैरहजर. निकमनं विचारलं, तुम्ही तिच्या घरी गेला होतात का? हो म्हटलं. म्हणाला, तो तर नियमाचा भंग आहे. म्हटलं, नियम माझा आहे. बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं ते.

शनि., १० जाने.

सभा. सतरंजीवर बसले. गुडघे बोंबलतायत, आजूबाजूला आठवी ते दहावीची सगळी पोरं आणि मला ‘अमान्य’ म्हणायचंय. घरून पाठ करून गेले होते, तीन मुद्दे. पण तक्रारदारच नाही. तक्रारदार हजर नसेल तर तक्रार रद्द, हाही नियम आहे. हेडसरांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला. इतकं पटकन पुसला की मलाही कसंतरी झालं.

सुटले. कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी सवयीनं चिठ्ठ्यांचा डबा उचलला. दहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, “आम्ही निकम सरांकडून काढून घेऊ.” डबा टेबलावर ठेवून मी घरी आले. अकरा वर्षं तो डबा माझ्या कपाटात होता. उपकार विसरायला पोरांना आठ दिवस लागतात, एवढं कळलं.

सोम., १२ जाने.

मीनाबाई ऑफिसात. दाखला मागायला. पायल म्हणते त्या शाळेत पाय ठेवणार नाही. दुसऱ्या शाळेत वर्षाच्या मध्ये कोण घेतं? मग यावलला मावशीकडे जाऊ दे, मावशी केळीच्या बागेत मजुरीला जाते, तिच्याबरोबर जाईल. मीनाबाई माझ्याकडे बघून बोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

हेडसरांनी शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं. ती गेल्यावर मला म्हणाले, तुम्ही बघा आता. म्हणजे भांडण लावणारा निकम, नियम दाखवणारे हे, आणि बघायचं मी. बागेत एकदा गेली की ती पोर परत शाळेत येत नसते. मी अशा पाच-सहा जणी पाहिल्यात. प्रत्येकीचं ‘फक्त उन्हाळ्यापुरतं’ होतं.

मंगळ., १३ जाने.

परत गेले. चाळीत शिरले नाही. नळाशी पायल हंडा भरत होती, तिथेच थांबले. म्हटलं, बाळा, मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं.

ती म्हणाली, “मला बाळा म्हणू नका.”

मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण उद्या मी ते माझ्या सोयीनं बदलीन. म्हणाली, मला संडास धुवायची हौस नाही मॅडम, कोणालाच नाही. पण सगळे धुतात तेव्हा पाणी उडवतात, ओरडतात, हसतात, आणि मी व्हरांड्यात बसते. मला वाटायचं माझं नशीब भारी, चिठ्ठी येतच नाही. मैत्रिणींना चिडवायचे मी त्यावरून. “आता त्यांना कळलं का येत नाही ते. आई काय काम करते हे मी शाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं. ते तुम्ही सांगितलं.”

मी म्हटलं, मी कोणाला सांगितलं, एका शब्दानं नाही सांगितलं. हंडा भरून वाहत होता. तिनं नळ बंद केला, हंडा डोक्यावर घेतला आणि गेली.

रिक्षात बसून रडले. रागानं. राग कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. तिचाही होताच.

बुध., १४ जाने.

संक्रांत. शाळेत तिळगूळ वाटला. गोड बोला, गोड बोला. कोणाशी बोलावंसंच वाटत नाही.

ह्यांनी विचारलं, काय झालंय तुला? काही नाही म्हटलं. हे विचारून पेपर वाचायला लागले.

गुरु., १५ जाने.

आली. कोणी समजावलं माहीत नाही. निकम म्हणतो मी नाही, आणि मला ते खरं वाटतं. सरळ फळ्याशी गेली, खडू घेतला आणि तीच तक्रार परत लिहिली. खाली एक ओळ जास्त: “तक्रारीच्या आठवड्यात मॅडम माझ्या घरी आल्या होत्या.”

हेडसर म्हणाले, रद्द झालेली तक्रार पुन्हा लिहिता येत नाही. व्हरांड्यात पोरांचा असा काही कालवा झाला की बाजूच्या दवाखान्यातून माणसं बघायला आली. मग हेडसर मऊ झाले, म्हणाले, आठ दिवस झालेच आहेत, याच शनिवारी घेऊ.

शनि., १७ जाने.

सतरंजी. पाठ केलेले तीन मुद्दे विसरले, की मीच टाकून दिले. म्हटलं, मान्य. चिठ्ठी मी काढली, तिला न विचारता काढली. घरी गेले तेही मान्य. आवाज चिरका निघाला.

टाळ्या नाहीत, काही नाही. मला वाटलं होतं मन हलकं होईल. हेडसर गुळमट हसत म्हणाले, चला, मॅडमनी मोठेपणा दाखवला, विषय संपला.

पायलनं हात वर केला.

“मॅडम, हजेरीत आडनाव नाही. मी सांगितलं नाही. आई शाळेत कधी आली नव्हती तेव्हा. आम्ही कोण ते तुम्हाला कसं कळलं?”

म्हटलं, प्रवेशाच्या वेळी जुना दाखला घेतो ना आपण, त्यावर जात असते, ती जनरल रजिस्टरला लिहावी लागते. स्कॉलरशिपचे फॉर्म मीच भरते.

“माझाच बघितला?”

मी उत्तर द्यायच्या आत हेडसर मध्ये पडले. हा नवा प्रश्न झाला, आठ दिवसांनी उत्तर. पहिल्यांदाच माझा नियम माझ्या कामी आला. पोरगी शांतपणे उठली, फळ्यावर लिहिलं: “मॅडमना शाळेतल्या आणखी कोणाकोणाची जात माहीत आहे?”

आत्ताही ते अक्षर डोळ्यांपुढे आहे. आठवीत आली तेव्हा तिला नीट लिहिताही येत नव्हतं. मी गिरवून घेतलं होतं.

सोम., १९ जाने.

नववीची हजेरी घेतली. नाव, आईचं नाव. नाव, आईचं नाव. पाचव्या-सहाव्या नावाला थांबले. कारण लक्षात आलं की नाव ओठांवर यायच्या आधी दुसरंच काहीतरी मनात येऊन जातंय. मुद्दाम हळू घेतली पुढची. एकतीसच्या एकतीस. एकही आडनाव चुकलं नाही. दहावीची तर मला न बघता येतात.

फॉर्म भरावे लागतात, हे खरंच आहे. पण फॉर्म सगळ्यांचे भरत नाही मी. ज्यांचे भरत नाही त्यांचीही येतात.

तरी मी कधी कोणाला वेगळं वागवलं नाही. हे लिहिलं आणि पेन थांबलं.

मंगळ., २० जाने.

निकम म्हणाला, मॅडम, सगळ्यांचीच माहीत आहे, मान्य, असं म्हणा आणि मोकळ्या व्हा, मुलं माफ करतात. त्याला काय जातंय म्हणायला. त्याला विचारलं, तुम्हाला किती जणांची माहीत आहे? चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, मी तसं बघत नाही. म्हटलं, मीही अकरा वर्षं हेच म्हणतेय. मग तो पाणी प्यायला गेला.

बुध., २१ जाने.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. आठवीतली एक मुलगी आली, प्रयोगवही द्यायला. किडकिडीत, दोन वेण्या, कायम हसणारी. वही ठेवली आणि गेली नाही. तिनं व्हरांड्यातला फळा वाचला होता. मला विचारलं, अगदी सहज, गंमत विचारावी तसं.

“मॅडम, माझी पण माहीत आहे का?”

मी म्हटलं, जा, वर्गात जा, घंटा होईल. आणि खाली मान घालून वही तपासायला लागले. दोन पानं तपासली. मान वर केली तेव्हा ती तिथेच उभी होती.