पेटीवर टांगलेलं अर्धं वाक्य

प्रिय भाऊ,

आज संध्याकाळी मी तुझं वाक्य उतरवणार आहे. तुला न सांगता उतरवलं असं नको व्हायला, म्हणून दुपारची गिऱ्हाइकं पांगल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

कोणतं वाक्य, हे तुला काय सांगायचं! कॉम्प्युटरमधल्या त्या खोट्या गावात, चिंचेखाली ठेवलेल्या पेटीच्या वर, हवेत टांगलेलं. तू गेलास तेव्हापासून ते तिथंच आहे. तू पुरं केलं नाहीस आणि मला खाली उतरवता येईना. हे काय करून ठेवलंस रे!

आठवतं, ते काम मला मिळालं तेव्हा तू किती हसला होतास? तहसीलीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा मी, गोरेगावच्या बसस्टँडजवळ चार कॉम्प्युटरचं दुकान काढून बसलो, इथवर तुला पटलं होतं. पण पुण्याच्या एका माणसानं इंटरनेटवरून काम धाडलं, आणि तुझा विश्वासच उडाला. काम असं की जगभरचे लोक ज्या गावात आपापली बाहुली घेऊन हिंडतात, तिथल्या दुकानांतल्या वस्तूंच्या डोक्यावर अक्षरं टांगायची. खुर्चीवर ‘खुर्ची’. दिव्यावर ‘हात लावा, पेटेल’.

“काऊन रे देवा,” माझ्या मागं उभा राहून तू गरजलास. हळू बोलणं तुला कधी आलंच नाही. “खुर्ची दिसून राहिली ना लोकायले? मंग वरतं ‘खुर्ची’ लिहाची का गरज?”

“भाऊ, तिकडचे लोक वाचल्याशिवाय बसत नाहीत.”

“मंग उभेच राहू दे त्यायले!”

सगळं दुकान हसलं. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या पोरीसुद्धा हसल्या.

आणि तुझा तो आवाज! आठवडी बाजार असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, कबड्डी असो की कोणाचं लग्न, माईक तुझ्याच हातात. मी तीन गल्ल्या पलीकडे असलो तरी मला कळायचं, आज भाऊ खूश आहे की कोणावर चिडलाय. खरं सांगू? तंबाखू-सुपारीचा खर्रा डाव्या गालात आहे की उजव्या, तेही मला तुझ्या आवाजावरून कळायचं. तू चारचौघांत सांगायचास, “आमच्या देवाचे कान लई तिखट हायेत.”

मग त्या तिखट कानांचं एकदा तरी ऐकायचं होतंस! “भाऊ, सोड तो खर्रा” म्हटलं की तू पन्नी उघडून माझ्याच पुढं धरायचास. “घे, तोंड बंद राहीन तुझं.” शेवटी कोणाचं तोंड बंद झालं?

नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, जीभ गेली. तू घरी आलास तो पाटी-पेन्सिल घेऊन. तुझ्या घशातून जे आवाज निघायचे, ते वहिनीलाही नीट कळत नसत. मला बरेचसे कळायचे, म्हणून मी तुझा दुभाषा झालो. भाऊला पाणी पाहिजे. भाऊ म्हणून राहिला, पंखा बंद करा. तू मान हलवायचास आणि मी मनातल्या मनात फुशारायचो.

मग सौंदडहून मामा आले. “कसं वाटते बापा आता?” त्यांनी विचारलं. तू काहीतरी लांबलचक बोललास. मला निम्मं कळलं, निम्मं नाही. मी सांगून मोकळा झालो, “भाऊ म्हणून राहिला, सब ठीक आहे, चिंता करू नका.”

तू पाटी ओढलीस. इतक्या जोरात लिहिलंस की पेन्सिल तुटली. “मी हे नाही म्हटलं.”

“मग काय म्हटलं?” मी विचारलं. तू पाटी पुसलीस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. मामा चहा न घेताच उठले. काय म्हणायचं होतं तुला त्या दिवशी? मला अजून माहीत नाही.

ती पेटी मी त्यानंतर बनवली. कोणी मध्ये नको, तुझं तूच बोल, एवढंच डोक्यात होतं. पुण्याच्या माणसानं आपल्या कामगारांसाठी त्या गावात एक रिकामा कोपरा सोडला होता, तिथं एक चिंच उभी केली आणि तिच्याखाली पेटी ठेवली. प्रोग्राम तर मला पाठच होता. काय लिहायचं, कोणत्या रंगात आणि किती ठळक, एवढं सांगितलं की अक्षरं टांगली जातात. मी फक्त पेटीला कान लावून दिले. जवळ उभ्या बाहुलीनं काहीही टाइप केलं की पेटीनं ते ऐकायचं, आधीचं उतरवायचं आणि नवं टांगायचं. कोण बोलतंय, याची पेटीला पर्वा नाही. तू माझ्या नावानं आत शिरलास तरी अडू नये, म्हणून ते मी मुद्दाम तसं ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी तू दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत काय टाइप केलंस? “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.”

चिंचेखाली पांढरी अक्षरं लटकली. वहिनी तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तू मात्र खुर्ची पुढं सरकवलीस. तुझे दिवस पालटले, भाऊ! रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तू शटरपाशी हजर. बाजारभाव सांगायचास, पाऊसपाणी सांगायचास, कोणाच्या घरी बारसं आहे ते सांगायचास. निळ्या पंखांची कुठली तरी परदेशी बाहुली रोज येऊन उभी राहायची, एक अक्षर कळत नसताना पूर्ण वाचायची आणि नाचायची. पाटीवर तू लिहिलंस, “गोरेगावात तरी कोण ऐकत होतं एवढं?”

एकच अडचण होती. ती अक्षरांची जागा फार तोकडी. इंग्रजीत बऱ्यापैकी मावतं, पण आपल्या मराठीचे काना-मात्राही ते यंत्र वेगळे मोजतं आणि वर दामदुपटीनं मोजतं. दोन ओळींत खेळ खलास, पुढचं आपोआप छाटलं जातं. आणि तू? तू तर माईकवरचा माणूस! “समस्त बंधू-भगिनींनो, उपस्थित मान्यवर, पाहुणे मंडळी, आपणांस कळविण्यास आनंद होतो की” आणि संपली जागा!

“भाऊ, नमस्कार सोड ना. सरळ मुद्द्याचं लिही.”

पाटीवर उत्तर, “विना नमस्कार बोलाले मी का ढोरं हाकलून राहिलो?”

मग उरलेलं दुसऱ्या हप्त्यात टाक म्हटलं, तर दुसरा हप्ताही नमस्कारापासून सुरू! अर्ध्या बातम्या तशाच राहिल्या. बोदलकशाच्या तलावात कोणाला तरी मोठी मासोळी लागली होती, एवढं जगाला कळलं. किती मोठी, ते कळलंच नाही.

शेवटच्या त्या दिवशी मी शाई आणायला गोंदियाला गेलो होतो. परत आलो तोवर तू घरी निघून गेला होतास. अंगात ताप होता, तरी रिक्षा करून आला होतास म्हणे. मी पडद्याकडे बघितलंही नाही. त्याच आठवड्यात तू गेलास. दिवसकार्य, पुण्यानुमोदन आटोपल्यावर दुकान उघडलं, त्या गावात शिरलो, तर चिंचेखाली हे—

“नमस्कार! गोरेगावातील समस्त बंधू-भगिनींनो, माझे धाकटे बंधू देवानंद यांना आज मला सांगायचे आहे की”

बस. पुढं काही नाही.

तू पुढं टाइप केलं होतंस का? किती? पेटी मावेल तेवढं टांगते आणि बाकीचं सोडून देते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणाचं बोलणं साठवून ठेवायचं नाही, हा नियम माझाच. शोधायला जागाच नाही, भाऊ. मी शोधून पाहिलं.

तेव्हापासून मी त्या वाक्याखाली अडकलोय. पुण्याच्या माणसाचं काम संपलं, ते गावही ओस पडत चाललं, निळ्या पंखांची बाहुली यायची बंद झाली. मी रोज जातो. आपलं इंटरनेट असं मरतुकडं की चिंच, जमीन, पेटी, सगळं आधी करडं दिसतं आणि हळूहळू रंगतं. तुझं वाक्य मात्र सगळ्यात आधी येतं. मोकळ्या हवेत ‘की’ लटकलेला असतो, खाली अजून जमीनही नसते.

आणि तिथं मला बोलता येत नाही. एक शब्द टाइप केला की पेटी तुझं उतरवून माझं टांगणार. पेटीतला प्रोग्राम काढून टाकता आला असता. तसं केलं तरी टांगलेली अक्षरं तशीच राहतात, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. एका दुकानाचा जुना भाव मी असाच प्रोग्राम फेकून मिटवायला गेलो आणि तो तसाच लोंबत राहिला. म्हणजे पेटी बहिरी झाली असती, वाक्य राहिलं असतं आणि मी खुशाल बडबडलो असतो. पण तुझं ऐकणारी ती एकच वस्तू. तिचे कान उपटायला माझा हात जाईना. म्हणून मी नुसता बसतो. हळूहळू घरीही नुसताच बसायला लागलो. परवा तुझी भावसून संगीता ताट वाढता वाढता म्हणाली, “या घरचे दोन्ही भाऊ मुकेच होणार होते का?”

‘की’च्या पुढचं मला सगळे सांगतात. संगीता म्हणते, “तुमचं कौतुकच केलं असेल.” चहावाला म्हणतो, “तुमाले म्हटलं असन, बेट्या, तू खर्रा खाजो नोको.” मामा म्हणतात, “वहिनीले सांभाळ, दुसरं का म्हणन?” सगळंच शक्य आहे. आणि मी तर गाडीवर जाता-येता तुझ्यासाठी वाक्यं बनवतो. धंदा चांगला झाला की तू मला शाबासकी देतोस, उदास असलो की माफ करतोस. कशाबद्दल, तेही मीच ठरवतो. आता भीती वाटायला लागली ती वेगळीच. ही सगळी वाक्यं मला हुबेहूब तुझ्या आवाजात ऐकू येतात. गालातल्या खर्र्यासकट! तुझा खरा आवाज कोणता आणि मी भरलेला कोणता, हे मला कळेनासं होतंय. भाऊ, माझ्याजवळ तुझं तेवढंच उरलं होतं रे.

काल वहिनी दुकानात आली. तू गेल्यावर पहिल्यांदाच. “दाखवा भाऊजी, का लिहून गेले ते.”

मी तिला तुझ्या खुर्चीवर बसवलं. तिनं बोट फिरवत, मोठ्यानं वाचलं. ‘की’पाशी थांबली. मला वाटलं, रडेल. ती हसायला लागली. किती हसली! “अवं बाई! नमस्कार करता करताच गाडी सुटली ह्यायची!”

“वहिनी, पुढं काय म्हणायचं असेल?”

“मले का मालूम? पण भाऊजी, ह्यायचं बोलणं कधी पुरं झालं होतं का? मंडईत कमिटीवाले कोणाले धाडत होते माईक घ्याले?”

“मला.”

“मंग? आता कायले वाट पाहून राहिले? तो माणूस आपल्या मनानं सोडन थोडाच!”

ती डोळे पुसून, पायऱ्या उतरून गेली.

हे मी विसरलोच कसा? लोक उठायला लागायचे, दंडारीचा खेळ खोळंबायचा, तुझं स्वागताचं भाषण चालूच. मग कोणीतरी मला ढकलायचं, “देवा, जा ना बे!” मी स्टेजवर चढून तुझ्या हातावर हात ठेवायचो. आधी तुझी मूठ घट्ट. मी तसाच उभा राहायचो. मग ती सैल व्हायची आणि तू माईक माझ्या हातात देऊन, माझ्याकडं न बघता, खाली उतरायचास. एकदाही तू मला पुढचं वाक्य पुरं करायला सांगितलं नाहीस. मीही केलं नाही. मी माझं बोलायचो. “आता कार्यक्रमाला सुरुवात होत आहे,” एवढंच.

आज संध्याकाळी मी चिंचेखाली जाईन आणि पेटीजवळ उभा राहून बोलेन. काय, ते अजून ठरलेलं नाही. बहुतेक, वहिनी येऊन गेली, एवढंच सांगेन. तुझं वाक्य उतरेल. माझी बोटं अडतील, हे मला आत्ताच दिसतंय. तरी बोलेन.

आणि एक वचन देतो. ‘की’च्या पुढं मी तुझ्या नावानं काहीही जोडणार नाही. शाबासकीही नाही, माफीही नाही. कानात आलं तरी ते माझं आहे, असं समजेन. उद्या संगीतानं, मामांनी, कोणीही विचारलं की भाऊला काय सांगायचं होतं, तर म्हणेन, भाऊ मला काही सांगणार होता, ते सांगायचं राहिलं.

तुझा धाकटा भाऊ,
देवानंद