जागा अडवणारी गोळी

२ मार्च
सव्वा महिना झाला, यांच्या तोंडाला अफू नाही! रोज सकाळी समोर उभी राहून गोळी गिळायला लावते, मग तोंड उघडून दाखवायचं. जोधपूरच्या डॉक्टर कल्लाबाईंनी नीट सांगितलंय — मेंदूत अफूच्या ठरलेल्या जागा असतात, गोळी त्या अडवून बसते. मग अफू आली तरी टेकायला जागा नाही. नशा नाही.

यांच्या थोरल्या भावाला, जेठजींना, हे बघवत नाही. मेला म्हातारा!

५ मार्च
जेठजींच्या नातवाचा साखरपुडा. पुरुषांची रियाण, म्हणजे अफूची बैठक, बसली. जेठजींनी गाळलेलं अफूचं पाणी ओंजळीत घेऊन यांच्या ओठांना लावलं. नाही म्हटलं तर थोरल्याचा अपमान. तीनदा प्यायले. काही झालं नाही!

तर भर बैठकीत जेठजी — "काय चारलंय रे बायकोनं? बायकोचा बैल झालास की!"

पाव्हणे खो खो हसले. हे मान खाली घालून बसले. पडद्याआड मी दातओठ खात होते.

६ मार्च
डोक्यातून जात नाही. जळो ती जेठजींची मिशी.

७ मार्च
जेठजींच्या चहात गोळी कुटून टाकली. एक दिवस त्यांची रोजची अफू चढायची नाही, एवढंच. बसू दे बोंबलत!

८ मार्च
एवढंच नव्हतं. तासाभरात उलट्या, जुलाब, अंग पिळवटून निघालं. जाऊबाईंचं चाललंय — "करणी केली गं कुणीतरी!" मी कोठीत जाऊन कल्लाबाईंना फोन लावला, जेठजींच्या पोटात गोळी गेल्याचं सांगितलं. त्या ओरडल्याच — "तुझ्या नवऱ्याला गोळीआधी दहा दिवस अफूशिवाय कोरडा ठेवला, तो काय उगाच? त्यांचा मेंदू अफूनं भरलेला! गोळीनं एका झटक्यात सगळी उठवून लावली. म्हातारा माणूस आहे, आत्ता आणा. दिली कुणी?"

मी फोन ठेवला.

जीपमध्ये हे भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. शेरगडच्या पुढे वाटेतच जेठजींनी प्राण सोडला.

९ मार्च
कुणाला बोलले नाही. जाऊबाई माझ्याच गळ्यात पडून रडल्या.

१० मार्च
बारा दिवस दुखवट्याची रियाण. घरात थोरले आता हेच, पहिली ओंजळ यांची. सकाळी गोळी पुढे केली. हात बाजूला सारून म्हणाले, "आजपासून नको. भाऊसाच्या नावानं घ्यायचीय, ती अंगी लागली पाहिजे."