उत्तराचं तिकीट

प्रिय सलवाताई,

तुझं खोकं पोचलं. मार्सेची चॉकलेटं आईने कपाटात कुलूपबंद केली आहेत, का तर पाहुणे येतील म्हणून! मोजे मात्र बाबांनी मुकाट्याने पायात चढवले. कुणी पाठवले, ते विचारलं नाही.

मी आता ट्युनिसच्या टपालकचेरीत लागले आहे, परदेशच्या पिशव्या उतरतात तिथे. तुमच्या फ्रान्सची पिशवी आली की वजन करून नोंदायची. तिकिटाचे पैसे तिकडच्या टपालखात्याने घेतलेले असतात आणि जिने चढतो आमचा पोस्टमन. म्हणून त्याच्या पायपिटीचा मोबदला त्यांनी वजनावर आम्हाला द्यायचा. हे घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, आम्ही ला गुलेत बंदरात टपाल वाटायला लागलो तेव्हा ही भानगडच नव्हती. पत्र आलं की उत्तर जाणारच, दोघांचं ओझं सारखं, मग हिशेब कसला?

बाबा जेवत होते, आई शेजारी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "उत्तर जाणारच ना? मग सलवाच्या पत्रांवर 'घेण्यास नकार' कोणी लिहिलं?"

बाबा जेवणावरून उठले. तुझ्या लग्नानंतरची सगळी पत्रं त्यांनी न उघडता परत धाडली, हे घरात पहिल्यांदाच कोणी बोललं. तेव्हापासून तू नुसती खोकी पाठवतेस, आईच्या नावाने, आत साधी चिठ्ठीही नाही. रागावू नकोस ताई, पण हट्टाच्या बाबतीत तू बाबांचीच लेक. मला मात्र तुमच्या दोघांच्या मधे राहून फार एकटं वाटतं गं.

आणि परवा काय झालं सांगू? बाबा दाढी करून, तुझे मोजे घालून कचेरीत आले. माझी ओळख न सांगता रांगेत उभे राहिले आणि एक उत्तर-कूपन विकत घेतलं. सोबत ठेवलंय बघ. मार्सेच्या टपालकचेरीत दिलंस की इकडे पत्र टाकायचं तिकीट तुला फुकट मिळेल. तुम्हीच लिहा ना, म्हटलं, तर म्हणाले पहिलं वाक्य सुचत नाही. मग मलाच बसवलं लिहायला, आणि शेजारी उभं राहून एवढंच सांगितलं: "म्हणावं, उत्तराचं तिकीट माझ्याकडून. आणि पत्र माझ्या नावाने टाक. मी घरीच असतो."

तुझीच धाकटी,
बेया