दोरी नाही, माणूस नाही

कर्जत,
गुरुवार, ११ ऑक्टोबर १९८४

चि. पदू यास,

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिला, आणि लिहिल्यावर खोडला नाही, एवढं धरून चल.

इकडे सर्व ठीक. हळवं भात कापणीला आलं आहे. माझा गुडघा पायऱ्या मोजतो. तुझी बहीण बरी आहे. दोन आठवड्यांवर भाऊबीज आली. "पदूला कागद घाला" असं ती रोज चहाबरोबर सांगते. पेनात शाई नाही म्हणून मी टाळत होतो. आज तिनं बाटलीच आणून पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आता बोटं दुखतात म्हनू नका."

खोपोलीचं दुकान कसं चाललंय? रेडिओ येतात का दुरुस्तीला, की सगळे टीव्हीच्या मागे?

मला आपला वैशाख आठवतो. रद्दीतलं ते मासिक घेऊन तू भर उन्हात आलास, चप्पलसुद्धा काढली नाहीस. "दाजी, ह्यो बघा यंत्रमानव! उजेड दावला का त्याच्याकडं वळतो. मानूस नाय लागत."

मी विचारलं, "दोरी कुठून जाते?"

"दोरी नाय वो! तुमचं डोकं अजून ठाकूरवाडीच्या केबिनीतच हाय."

खरं बोललास. तीस वर्षं मी रेल्वेच्या त्या केबिनीत लिव्हर ओढले. इथं लिव्हर ओढला की लांब डोंगराच्या वळणावर तारेच्या टोकाला सिग्नलचा हात पडायचा. माझ्या हातून जे जे हललं ते कुणीतरी ओढल्यामुळे हललं. आणि त्याही आधी, चौथीत, गुरुजींनी सूर्यफुलाची कविता म्हणताना स्वतःची मान पूर्वेकडून पश्चिमेकडे नेली होती. सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. मला ते फूल रात्री डोळे मिटल्यावर दिसायचं: कुणी न ओढता वळणारं.

म्हणून साठी उलटलेला माणूस शिशाचा डाग द्यायला शिकला, पदू. अंगठा भाजला, तू टूथपेस्ट लावलीस. तुपाच्या डब्याचं डोकं, सायकलीचा एक्सल म्हणजे कणा, मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर. आणि ते दोन डोळे, हरभऱ्याएवढे. तू त्यांना एलडीआर म्हणायचास. ज्या डोळ्यात उजेड जास्त पडेल त्या बाजूला मोटर फिरते, हे तू मला डोशाच्या तव्यावर खडूनं काढून समजावलंस. तुझ्या बहिणीनं आपल्या दोघांचा उद्धार केला. मी त्याचं नाव उजेड्या ठेवलं.

जून महिन्यातला तो गुरुवार. आपण स्वयंपाकघराच्या खिडक्यांना गोणपाट लावलं होतं. तू टेबलाखाली बॅटरीची तार धरून बसलास, मी टॉर्च घेऊन उभा. उजेड्या थरथरला आणि वळला. माझ्याकडे. मी टॉर्च दुसरीकडे नेला, तो तिकडे वळला. तू खालून ओरडलास, "वळला का वो दाजी?" मी टॉर्च छातीशी धरून भिंतीला टेकलो. तुझ्या बहिणीला वाटलं मला झटका आला.

पुढचं तुला ठाऊक आहे. पण मला काय ठाऊक आहे ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

मंडळाचा अध्यक्ष बुधाजी म्हणाला, यंदा आळीच्या गणपतीपुढे देखाव्याला दोरीनं हलणारा राक्षस नको, उजेड्याच ठेवू. पाटी मी रंगवली. "दोरी नाही, माणूस नाही. स्वतः वळणारा यंत्रमानव." खाली माझ्या दोन ओळी:

उजेड जिथे, तिथे मी पाही,
ओढणारा मज कोणी नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी उजेड्याला पुसत होतो. कण्याला आपण नवा काळा रंग दिला होता, त्यावर खालच्या बाजूला एक बारीक चकाकती रेघ दिसली. ओढायची तार किंवा दोरी घासते तिथं अशी रेघ पडते. अशाच रेघांना तेल घालत मी म्हातारा झालो. ती ओळखायला मला चष्मासुद्धा लागला नाही.

मी कुणाला बोललो नाही. संध्याकाळी आरतीनंतर गर्दी जमली, तू नेहमीप्रमाणे पडद्यामागे "बॅटरी बघायला" गेलास. मी टॉर्च घेऊन डावीकडे सरकलो आणि त्याच्या काचेवर तळहात दाबून धरला. लोकांना वाटलं टॉर्च धरलाय. कवडसासुद्धा बाहेर येत नव्हता.

उजेड्या सावकाश माझ्याकडे वळला. झाकल्या टॉर्चकडे.

टाळ्या पडल्या. आणि पदू, मी काय केलं असेल? मी वाकून नमस्कार केला. माझ्या दोन ओळी मोठ्यानं म्हटल्या. पुढचा सगळा आठवडा रोज म्हटल्या. बुधाजीनं शाल घातली तीही घेतली.

विसर्जनानंतर तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मंडपात ट्यूबलायटी किती, दाजी! त्याला समदीकडंच उजेड. कुठं वळंल बिचारा? पैल्याच दिशी ठोंब्यासारखा बसला. तुमी हार आनायला गेलेला. पाटी लागलेली, मानसं आलेली. आनि देखाव्यात कुनीतरी वडतंच की वो!"

तुझं सगळं खरं. पण मला सांगितलं असतंस तर मी बुधाजीच्या पाया पडून दिवे मालवले असते. अंधार मागितला असता. तेवढं तरी माझ्या हातात ठेवायचं होतंस.

मग मी तुला उंबरा ओलांडू नकोस म्हणालो. ते तुझ्या बहिणीनं ऐकलं. तिला म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" तर म्हणाली, "साऱ्या आळीला ठाव होतं. माझ्या भावाला बोल लावू नका. रोज दोन तास वाकून दोऱ्या धरायचा, कंबर धरली त्याची. तुमी केवडं खूश होता, कोन सांगनार तुमाला?"

म्हणजे मंडपात यंत्राला बघणारा मी एकटाच होतो. बाकी सगळे मला बघत होते. तूही आतून, पडद्याच्या फटीतून, माझंच तोंड बघत असशील. आता आळीतून जाताना कुणी "काय हिरामणदादा, उजेड्या काय म्हनतो?" असं प्रेमानं विचारलं तरी मी रस्ता बदलतो. प्रेमानं विचारतात, त्याचंच वाईट वाटतं.

आणखी एक. तुला निरोप धाडला होता की उजेड्याचे डोळे उंदरांनी खाल्ले. उंदीर नव्हते. पक्कड घेऊन मीच उपटले. कणा तेवढा शाबूत आहे. मुंबईहून दुसरे डोळे आणवता येतील, आणवीनही. गोणपाट लावून टॉर्च दाखवीन, आणि तो वळेलही कदाचित. पण तो त्या दिवसाचा नव्हे.

भाऊबीजेला ये. उंबऱ्याचे शब्द मी मागे घेतो. बहिणीचं ताट माझ्या रागासाठी रिकामं राहू नये. मात्र येण्याआधी एक कार्ड टाक. समोर बसून विचारलं तर तू माझं तोंड बघशील आणि त्याप्रमाणे बोलशील, म्हणून कार्डावर.

जूनमधल्या त्या गुरुवारी, आमच्या स्वयंपाकघरात, तू टेबलाखाली होतास. तुझ्या हातात बॅटरीची तार होती, एवढंच मला माहीत आहे. दुसऱ्या हाताचं मी कधी विचारलं नाही. तो स्वतः वळला होता का?

होय लिही किंवा नाय लिही. पण जपून लिही रे पदू. तू होय लिहिलंस तर मी पुन्हा विश्वास ठेवीन.

तुझ्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसलेला,
हिरामण